मागाचा खड्डा आणि आमचे सर

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून तू विचारलं आहेस: "आमच्या देवळामागं तीन वीरगळ आहेत. जीर्णोद्धार निघालाय, दगड हलवणार म्हणतात. मला पुरातत्त्व शिकायचंय, खरं कॉलेजात ते शिकवणारं कुणी नाही. तुमच्या बोलण्यात सारखे तुमचे सर येतात. ते तुम्हाला शिकवायचे तरी कसं?"

दगडांचं आधी सांगते. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, आणि जीर्णोद्धार तुझ्या पदवीसाठी थांबणार नाही. सरांचं नंतर. ते लांबेल.

उद्या सकाळी उठून देवळामागं जा. दगडाला हात लावण्याआधी आहे त्या जागेवर फोटो काढ. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आणि लांबून एक, ज्यात देऊळ आणि दगड दोन्ही दिसतील. शेजारी मोजपट्टी उभी कर. दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, देवळाच्या भिंतीपासून किती फुटांवर आहे, जमिनीवर किती दिसतो, हे वहीत लिही आणि तारीख घाल. एकदा दगड हलला की यातलं काहीही परत मिळत नाही. दगड राहतो, पण तो कुठं उभा होता ते जातं.

मग कमिटीतल्या वडीलधाऱ्यांना भेट. भांडायला जाऊ नकोस. दगड हलवायचेच असतील तर देवळाच्या आवारातच, पावसाचं पाणी साचणार नाही अशा जागी, कोरलेली बाजू दिसेल असे उभे करा, एवढंच माग. भिंतीत सिमेंटनं बसवू नका, पायरीला घालू नका, ऑइल पेंट देऊ नका, ॲसिडनं धुऊ नका. उचलताना दोर कोरलेल्या अंगावरून घेऊ नका, मध्ये घोंगडं घाला. दगडावर अक्षरं असतील तर धारवाडच्या पुरातत्त्व कार्यालयाला पत्र लिही आणि त्याची प्रत स्वतःकडं ठेव. पायाच्या खुदाईत नाणी किंवा दागिने निघाले तर घरी न्यायचे नाहीत. त्यासाठी १८७८ पासून कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे कमिटीला गोड शब्दांत पण आधीच सांगून ठेव.

आता सर.

बेळगावच्या वडगावात आमचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत खड्डामाग होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, या मागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. पायानं दाबायच्या पावड्या तिथं खाली असतात. आमचा खड्डा अडीच-तीन फुटांचा होता. लहानपणी आप्पा जेवायला उठले की मी त्यात उतरून बसायची. कडेच्या मातीतून खापऱ्या निघायच्या, त्या घेऊन आम्ही पोरी चौकटी आखून खेळायचो. आई ओरडायची की खड्डा ढासळेल.

१९७० च्या दशकात आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वडगाव-माधवपूरच्या शिवारात, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं उत्खनन केलं. सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष तिथं निघाले. गावातले लोक सोनं निघतंय का बघायला जायचे आणि विटा-खापरं बघून परत यायचे. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमचे इतिहासाचे सर वर्गाला घेऊन तिथं गेले. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून आलेले, प्राचीन कला आणि पुरातत्त्व हा त्यांचा विषय, आणि बेळगावच्या कॉलेजात त्यांना सगळाच इतिहास शिकवावा लागायचा. चराच्या कडेला उभं राहून ते थर दाखवत होते. मी सहज म्हणाले, "असली खापरं आमच्या मागाच्या खड्ड्यात पण आहेत."

दुसऱ्या दिवशी सर आमच्या दारात. चपला काढून आत आले, आईनं दिलेलं पाणी प्याले, आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले. अर्धा तास हलले नाहीत. आप्पा मागावर इरकली काठाचं लुगडं विणत होते. त्यांना वाटलं सरांना लुगडं हवंय. शेवटी न राहवून म्हणाले, "काय बघायलात ओ सर? माग बघा की."

सर म्हणाले, "माग बघितला अण्णा. आता माग ज्याच्यात बसलाय ते बघतोय."

अमावास्येला माग बंद असतो. त्या दिवशी थापी आणि ब्रश घेऊन सर परत आले आणि आप्पांची परवानगी घेऊन त्यांनी खड्ड्याची एक बाजू, जेमतेम दोन फूट रुंद, साफ केली. खणली नाही, नुसती उभी तासून घेतली. मग मला खाली उतरवलं. "काय दिसतंय ते सांग. नावं सांगू नकोस, रंग सांग."

वर करडा पट्टा होता. नीट बघितल्यावर तो पट्टा नव्हता, एकावर एक बारीक रेघा होत्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. सर म्हणाले, "ही तुझ्या आजीची सारवणं." मी बघतच राहिले. आजीनं, तिच्या सासूनं, सणावाराला शेणानं जमीन सारवली, त्या प्रत्येक सारवणाची रेघ तिथं होती. त्याखाली मातीचा जाड थर, त्यात खापऱ्या, पण उभ्या-तिरप्या, कशाही. त्याखाली राखेची पातळ रेघ. आणि राखेखाली पुन्हा खापऱ्या, या मात्र सगळ्या आडव्या, पालथ्या घातलेल्या ताटासारख्या.

"वरच्या तिरक्या का, आणि खालच्या आडव्या का?"

मला सांगता आलं नाही. सरांनी अंगणातून मूठभर माती आणि विटेचे चार तुकडे आणले आणि टोपलीतून ओतून दाखवले. तुकडे कसेही पडले. मग त्यावर पाय दिला. तुकडे आडवे झाले. "ज्या खापरावरून माणसं चालतात ते आडवं होतं. ते जमिनीवर होतं. जे कुठून तरी आणून टाकलं ते भरावातलं. तुझ्या आजीच्या खाली भराव आहे, आणि भरावाच्या खाली अजून कुणाची तरी जमीन आहे."

शेजारपाजारचे दारात गोळा झाले होते. "किती वर्षांचं म्हणायचं सर?" सर म्हणाले, "आज सांगत नाही. तिकडच्या चरात जे निघालंय त्याच्याशी जुळलं तर सांगीन." लोक निराश होऊन गेले. तीन आठवड्यांनी सर परत आले आणि दारातूनच आप्पांना म्हणाले, "अण्णा, खालची खापरं तिकडच्यासारखीच आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपास." आप्पांनी माग थांबवला आणि खड्ड्यातून पाय वर घेतले. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

सर शिकवायचे ते असं. पुस्तकात स्तरविज्ञानाचं प्रकरण मी नंतर पुण्यात वाचलं. तोवर ते मला येत होतं.

खापरं हे त्यांचं दुसरं प्रेम. रविवारी त्यांच्या घरी पाच-सहा जण जमायचो. परातीत पाणी, जुने दात घासायचे ब्रश, सुकवायला सुपं. धुतलेल्या खापरावर आतल्या बाजूला बारीक टोकाच्या पेननं जागेचा आणि थराचा नंबर घालायचा, वर पारदर्शक वार्निशचा एक थेंब. मग काठाचे तुकडे वेगळे काढायचे. भांडं केवढं होतं ते काठावरून कळतं, पण आधी काठ कसा धरायचा ते समजलं पाहिजे. सर टेबलावर काच ठेवायचे आणि काठाचा तुकडा तिच्यावर उपडा धरायला सांगायचे. मागं कंदील. काठाखालून उजेडाची फट दिसते. तुकडा पुढं-मागं कलवत राहायचं. एका क्षणी फट पूर्ण मिटते. तोच त्या भांड्याचा खरा कल. कुंभारानं चाकावर ते तसंच उभं केलं होतं. मग वर्तुळं आखलेल्या कागदावर काठ जुळवून व्यास घ्यायचा. चार बोटांएवढ्या तुकड्यावरून आख्खी घागर कागदावर उभी राहायची. माझ्या नातवाला मागच्या दिवाळीत मी फुटलेल्या कपाचा काठ घेऊन हे दाखवलं, आणि तो तासभर सोडेना.

सर कधी चिडत नसत असं मी म्हणणार नाही. एकदा फार चिडले, आणि माझ्यावरच.

मलप्रभेच्या बाजूच्या एका गावात आम्ही वीरगळ बघायला गेलो होतो. वीरगळ कसा वाचतात ते तुला ठाऊक असेल, तरी सांगते. खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, बऱ्याचदा गाई सोडवतानाची. त्याच्या वर अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्या दगडावर दोन कप्प्यांच्या मधल्या पट्टीत जुन्या कन्नडातल्या दोन ओळी होत्या, झिजलेल्या. सर गुरवाशी बोलत होते तेवढ्यात मी पिशवीतला खडू काढला आणि अक्षरांत भरला. अक्षरं ठसठशीत दिसायला लागली. मी मरणाऱ्याचं नाव वाचलं आणि धावत जाऊन सरांना सांगितलं.

सरांनी काही न बोलता ओलं फडकं घेऊन सगळा खडू पुसला. मग म्हणाले, "खडू तू भरलास. म्हणजे तुला जे दिसलं तेच आता सगळ्यांना दिसणार. रात्री बघू."

रात्री जेवून आम्ही टॉर्च घेऊन गेलो. सरांनी टॉर्च दगडासमोर धरला नाही. दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ टेकवून, आडवा धरला. समोरच्या उजेडात जे सपाट होतं ते आता सावल्यांनी भरलं. एकेक खाच काळी झाली. मी वाचलेल्या नावातलं पहिलं अक्षर मी 'व' समजले होते. आता त्याला एक बारीक फाटा दिसत होता. तो 'म' होता. जुन्या कन्नडात या दोन अक्षरांत फरक फार थोडा.

सर अंधारातच म्हणाले, "हा माणूस गावासाठी मेला. गावानं त्याचं नाव दगडावर घातलं, की ते राहावं. एवढी शतकं ते राहिलं. तू आज ते बदलणार होतीस."

मी रडले. सरांनी समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठसा घ्यायला मात्र मलाच बसवलं.

ठसा घेणं तू शिकून घे, पण कुणाच्या तरी हाताखाली. आधी ज्यांचा दगड आहे त्यांची परवानगी. पुजेतला दगड असेल तर नारळ न्यायचा, चपला लांब काढायच्या. सरांच्या पिशवीत कागदांबरोबर कायम एक नारळ असायचा. मग दगड पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायचा. तारेचा ब्रश कधीही नाही. ठशाचा कागद भिजवून दगडावर पसरायचा आणि दाट केसांच्या ब्रशनं मधून कडेकडे ठोकत जायचं, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि कागद खाचांत बसतो. घाई केली की फाटतो. कागद जरासा सुकू द्यायचा. पूर्ण ओला असेल तर शाई पसरते, पूर्ण सुकला तर सुटून येतो. मग कापडी बोळ्यानं शाई हलकी हलकी टिपत जायची. सपाट भाग काळा होतो, खाचेतली अक्षरं पांढरी राहतात. काढल्यावर मागच्या बाजूला पेन्सिलनं गाव, दगडाची जागा, दिशा, तारीख. त्या दिवशी ठसा सुटून हातात आला आणि त्या 'म'चा फाटा कागदावर पांढरा दिसला. पुढं तीसेक वर्षं हेच काम केलं, पण तो पहिला ठसा माझ्याजवळ अजून आहे.

भाषेचं सांगितल्याशिवाय सरांचं सांगून होणार नाही. आपल्या भागात पोरांना सीमाप्रश्न पाळण्यातच ऐकू येतो. आम्हीही मराठी शाळेतली, मराठी घरांतली पोरं. सरही मराठीच. पहिल्याच वर्षी त्यांनी सांगितलं की जुनं कन्नड शिकावं लागेल, आणि एका निवृत्त कन्नड मास्तरांकडं दर शनिवारी आमचा पाठ ठरवून टाकला. दोघंतिघं चिडले. "आम्ही मोर्चाला जाणारी माणसं सर, आम्ही कन्नड शिकायचं?" सर म्हणाले, "मोर्चाला जा. शनिवार चुकवू नका." आणि मग फळ्यावर 'वीरगळ' लिहून विचारलं, "यातला गळ म्हणजे काय?" कुणालाच येईना. गळ म्हणजे कल्लु, कन्नडातला दगड. आपण रोज बोलतो त्या मराठी शब्दातच तो बसलेला होता.

त्यानंतर त्यांनी आम्हाला नदीपलीकडं खिद्रापूरला नेलं, कोल्हापूर जिल्ह्यात. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, त्या गोल मोकळ्या छताखाली, आम्ही सगळे माना वर करून उभे. सर म्हणाले, आता खाली या आणि लेख बघा. महाराष्ट्रातल्या त्या देवळात कन्नड लेख आहेत, आणि शके ११३६ मधला यादव राजा सिंघणाचा लेख देवनागरीत, संस्कृतात आहे. मग हलशीला नेलं, तुझ्याच तालुक्यात. तिथं सापडलेले कदंबांचे ताम्रपट संस्कृतात, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे, आणि त्यांत जैन मंदिरांना दिलेली दानं. हलशी तेव्हाची पलाशिका. देगावलाही गेलो, कमलनारायणाच्या देवळात. गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिनं बाराव्या शतकात ते बांधवलं, हे सगळेच सांगतात. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ज्यानं ते उभं केलं त्या तिप्पोजाचं नावही राहिलेलं आहे. "कारागिराचं नाव फार थोड्या ठिकाणी मिळतं. तू विणकराची मुलगी, तुला हे माहीत असावं."

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, आमची परीक्षा व्हायची. बस्ती १२०४ ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. छताला दगडी कमळ लटकतं, म्हणून कमल बस्ती. सर आम्हाला गार फरशीवर उताणं झोपवायचे, छातीवर पाटी-कागद, आणि तासभर ते कमळ काढायला लावायचे. चित्रकला येते की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "काढताना डोळ्याला थांबावं लागतं," म्हणायचे. पहिल्या अर्ध्या तासात मी आठवणीतलं कमळ काढलं. दुसऱ्या अर्ध्या तासात कुठं एक पाकळी दुसरीच्या खाली कशी जाते ते दिसायला लागलं. मूर्तीवरच्या, शिखरावरच्या, खांबांच्या प्रकारांवरच्या त्यांच्या व्याख्यानांतलं मी बरंच विसरले. ती पाकळी मी आत्ता डोळे मिटून काढून देईन.

त्या बस्तीचे दोन शिलालेख आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एपिग्राफिया इंडिका या शिलालेख छापणाऱ्या नियतकालिकात ते छापलेले आहेत. सर त्याची हातानं उतरवलेली प्रत घेऊन यायचे आणि बस्तीच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. बेळगाव तेव्हा वेणुग्राम. तिथल्या व्यापाऱ्यांनी बाजारातल्या मालावर देवासाठी दान लावून दिलेलं आहे, आणि त्या व्यापाऱ्यांत लाट देशाचे, म्हणजे गुजरातेकडचे आहेत, मलबारकडचेही आहेत. वाचून झालं की सर कागदाची घडी घालायचे आणि आम्हाला घेऊन चालत बाजारात यायचे. पाटी घेऊन बसलेल्या बायकांकडून ते रोजच्यासारखी पानं घ्यायचे, भाव करायचे नाहीत. आमच्यातल्या एकानं एकदा विचारलंच, "मग सर, बेळगाव कुणाचं?" सर बराच वेळ चालत राहिले. म्हणाले, "तुझं मत तुझ्याजवळ ठेव, मी ते मागणार नाही. दगडावर मात्र जे लिहिलंय तेच वाच, तुला हवं ते नको."

आता तुझ्या शिक्षणाचं. पदवीनंतर पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, धारवाडला विद्यापीठात विभाग आहे. दोन्हीकडं चौकशी कर. त्याआधी कन्नड लिहाय-वाचायला शीक, तू खानापूरची, निम्मं तुला येतच असणार. रोज एक खापर काढ. वही पेन्सिलीची ठेव, पावसात शाई जाते. सर नाहीत म्हणून थांबू नकोस. आम्हाला तरी आठवड्यातून किती तास मिळायचे? बाकीचा वेळ तो खड्डा होता, तो दगड होता. तुझ्याकडं तर तीन आहेत. ठसे घ्यायचे झाले तर कळव, माझे गुडघे आता साथ देत नाहीत, पण शेजारी बसून सांगता येईल. नारळ मी आणीन.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी फार लिहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. जे होतं ते आमच्या हातांत ठेवून गेले.

१९८० च्या दशकात आप्पांनी खड्डामाग काढला. यंत्रमागापुढं तो टिकेना. खड्डा बुजवून तिथं स्वयंपाकघर करायचं ठरलं. मी सरांना कळवलं. सर आले. पुन्हा थापीनं ती बाजू साफ केली, आलेखाच्या कागदावर छेद काढला, एकेक खापर जागेवर दाखवलं, खाली माझं आणि आप्पांचं नाव लिहिलं. मग आप्पांना म्हणाले, "अण्णा, एक नाणं द्या. यंदाचं असेल तर बघा."

आप्पांना वाटलं पूजा आहे. त्यांनी देव्हाऱ्यातनं रुपया आणला, हळद-कुंकू लावून. सरांनी साल बघितलं, मान हलवली, खड्ड्यात उतरले आणि तळाला, पावडीच्या जागी, तो ठेवला. वर आल्यावर समजावून सांगितलं. उत्खननाचा चर बुजवताना तळाला चालू सालाचं नाणं ठेवायची रीत आहे. पुढं कधी कुणी तिथं खणलं तर त्याला कळावं की इथपर्यंत आधी कुणीतरी येऊन गेलंय, आणि कधी.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग आत गेले आणि मागाचा जुना धोटा, आडवा धागा नेणारा, घेऊन आले, हातानं गुळगुळीत झालेला. सरांकडं बघितलं. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पुन्हा खाली उतरले आणि रुपयाशेजारी ठेवला. मग गडी माती लोटायला लागले.